बर्फ फेंकणारें यंत्र : त्याची झीज आणि त्याचे सांधे

ज्यांनीं बर्फ पाहिलें तें सरबताच्या पेल्यांत किंवा हिमालयाच्या चित्रांत, त्यांना तें सुंदर आणि निरुपद्रवी वाटतें. उत्तर अमेरिकेच्या थंड भागांतील गृहस्थाला तसें वाटत नाहीं. तेथें नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बर्फ हें दाराशीं येऊन बसणारें एक ओझें असतें, आणि तें कोणीतरी उचलून बाजूला टाकल्याशिवाय घरांतून बाहेर पडतां येत नाहीं. आज महाराष्ट्रांतील कित्येक कुटुंबांचीं मुलें न्यू जर्सी, शिकागो, टोरांटो अशा ठिकाणीं घरें करून राहिलीं आहेत. हिवाळ्यांत त्यांच्याशीं बोलणें झालें म्हणजे, सकाळचे दोन तास दारचें बर्फ काढण्यांत गेले, ही हकीकत ऐकूं येते. तें बर्फ कोणत्या यंत्रानें काढतात, तें यंत्र कसें झिजतें, त्याचे सांधे कां फुटतात आणि ते कसे सांभाळावे, हा या भाषणाचा विषय आहे. विषय दिसावयास परका आहे. परंतु त्यांतून लोखंडाच्या स्वभावाविषयीं जें कळतें, तें कोठल्याही घराच्या उपयोगाचें आहे.

प्रथम हें ओझें किती असतें तें पाहावें. नुकतेंच पडलेलें भुसभुशीत बर्फ हलकें असतें. एका घनमीटरांत त्याचें वजन सुमारें ५० ते १०० किलो भरतें. घरापासून रस्त्यापर्यंत मोटार नेण्याची वाट २० मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे, आणि तिच्यावर रात्रींतून ३० सेंटिमीटर बर्फ पडलें आहे, असें धरलें, तर तें २४ घनमीटर होतें. शंभर किलोंच्या हिशेबानें त्याचें वजन २,४०० किलो झालें. तेंच बर्फ अर्धवट वितळून ओलें झालें, कीं तितक्याच जागेंतील वजन तिप्पट-चौपट होतें. त्यांतच, सार्वजनिक रस्ता साफ करणारा मोठा नांगर दारावरून जातांना वाटेच्या तोंडाशीं बर्फाचा एक बांधच घालून जातो. त्या बांधांत गोठलेलीं ढेकळें, मीठ, वाळू आणि खडी हीं सर्व एकत्र झालेलीं असतात. यंत्राची खरी परीक्षा होते ती या शेवटच्या दोन मीटरांत.

ही केवळ सोयीची गोष्ट नव्हे. ईरी सरोवराच्या पूर्व टोंकाशीं बफेलो नांवाचें शहर आहे. हिवाळ्याच्या आरंभीं सरोवराचें पाणी अजून गोठलेलें नसतें. त्यावरून थंड, कोरडा वारा वाहत येतो, वाटेंत वाफ उचलतो, आणि किनाऱ्यावर पोंचतांच ती वाफ बर्फाच्या रूपानें शहरावर टाकतो. २०२२ सालच्या डिसेंबरांत, नाताळच्या सुमारास, त्या भागांत जें हिमवादळ झालें त्यांत ४० हून अधिक माणसें दगावलीं. रस्ते बुजून गेल्यामुळें रुग्णवाहिका सुद्धां कित्येक ठिकाणीं पोंचूं शकल्या नाहींत. असल्या वादळापुढें घरगुती यंत्राचें कांहीं चालत नाहीं, हें खरें. पण हिवाळ्यांतील नेहमींच्या हिमवृष्टींत म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यांत नेणें, मुलांना शाळेंत पोंचविणें, या गोष्टी त्या एका यंत्रावर अवलंबून असतात; आणि तें मोडतें तें नेमकें त्याची गरज असते त्याच दिवशीं. कारण काम पडल्यावांचून तें मोडावें कसें?

बर्फ फिरत्या चाकानें फेंकण्याची कल्पना जुनी आहे. कॅनडांतील टोरांटो येथील जे. डब्ल्यू. एलियट या दंतवैद्यानें १८६९ सालीं आगगाडीच्या मार्गावरील बर्फ काढण्यासाठीं तशी योजना सुचविली होती. पुढें क्विबेक प्रांतांतील आर्थर सिकार यानें १९२५ सालीं मोटारगाडीवर बसविलेलें यंत्र तयार केलें आणि १९२७ सालीं तें मॉन्ट्रियलला लागून असलेल्या उत्रमों या गांवाला विकलें. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत बागेच्या कामाचे लहान ट्रॅक्टर निघाले. उन्हाळ्यांत गवत कापावयाचें, हिवाळ्यांत पुढें बर्फ फेंकणारी पेटी जोडावयाची, अशी त्यांची दुहेरी योजना असते. जॉन डीअर कंपनीचा ११० क्रमांकाचा लहान ट्रॅक्टर १९६३ सालीं निघाला. त्या पिढींतील कित्येक ट्रॅक्टर आजही हौसेनें जपून वापरले जातात. भारतांत या जातीचीं मोठीं यंत्रें रोहतांग आणि झोजी ला यांसारख्या घाटांतील रस्ते मोकळे करण्यासाठीं सीमा रस्ते संघटना चालविते. आकार निराळा, पण तत्त्व एकच.

यंत्राची रचना समजण्यास कठीण नाहीं. पुढून उघडी अशी एक आडवी लोखंडी पेटी असते. लहान ट्रॅक्टरच्या बाबतींत तिची रुंदी एक मीटर किंवा त्याहून थोडी अधिक असते. पेटींत या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एक आंस बसविलेला असतो आणि त्याच्याभोंवतीं पोलादी पट्टीचे मळसूत्री वेढे वेल्डिंगनें जोडलेले असतात. मोठ्या गिरण्यांत धान्य पुढें सरकविण्यासाठीं जसें मळसूत्र असतें, तसेंच हें. डाव्या व उजव्या अर्ध्यांचे वेढे एकमेकांच्या उलट असतात. त्यामुळें आंस फिरला कीं दोन्हीं बाजूंचें बर्फ मध्यावर येतें. साध्या यंत्रांत मध्यावरील रुंद पातींच तें वर उडवितात. दुहेरी यंत्रांत मळसूत्राच्या मागें एक वेगळा पंखा असतो. मळसूत्र सावकाश बर्फ गोळा करून त्याच्या तोंडीं देतें आणि पंखा तें जोरानें एका वळत्या नळकांड्यांतून दूर फेंकतो. ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ति पट्ट्यानें, सांखळीनें किंवा दांत्यांच्या चाकांनीं या सर्वांपर्यंत पोंचते. पेटीच्या खालच्या कडेला जमीन खरवडणारी एक पोलादी पट्टी बोल्टांनीं बसविलेली असते, आणि दोन्हीं बाजूंस पेटीचा भार घेऊन जमिनीवर घसरणाऱ्या दोन लोखंडी खडावा असतात.

आतां झिजेचा विचार. बर्फासारख्या मऊ पदार्थानें पोलाद झिजतें कसें, असा प्रश्न कोणाही विचारी मनुष्याला पडेल. वस्तुतः पोलाद झिजवितें तें बर्फ नव्हे, तर बर्फाच्या आड दडलेली वाळू. वाळूचा मुख्य घटक जो गारगोटीचा दगड, तो साध्या पोलादापेक्षां कठीण असतो. गाड्या घसरूं नयेत म्हणून रस्त्यावर टाकलेली वाळू, खडीच्या वाटेवरील कच, सिमेंटच्या जमिनीचा खरखरीत पृष्ठभाग, हीं सर्व मिळून पेटीच्या तळाशीं कानशीसारखें काम करतात. नांगराचा फाळ मऊ मातींत चालूनही दरसाल लोहाराकडे न्यावा लागतो, त्याचें कारण हेंच.

झिजेचा क्रम ठरलेला असतो, आणि तो क्रम ओळखणें हें निम्मी दुरुस्ती केल्यासारखें आहे. सर्वांत आधीं खडावा झिजतात. त्या झिजल्या कीं पेटी खालीं येते आणि सारा भार खरवडणाऱ्या पट्टीवर पडतो. पट्टी झिजून संपली कीं तिची जागा पेटीचा तळच घेतो. खडावा आणि पट्टी या दोन्हीं वस्तु झिजण्याकरितांच केलेल्या आहेत. त्या बोल्टांनीं बसविलेल्या असतात, काढून दुसऱ्या घालतां येतात, आणि पुष्कळ यंत्रांत त्या उलटून दुसऱ्या बाजूनेंही वापरतां येतात. पेटीचा तळ मात्र तसा बदलतां येत नाहीं. तो पत्र्याचा असतो व त्याच्या कडेनेंच बाजूंच्या पत्र्यांचे वेल्डिंगचे सांधे गेलेले असतात. तळ खालून घांसला जाऊं लागला म्हणजे पत्र्याबरोबर तो सांधाही खालून घांसला जातो. वरून पाहणाऱ्याला रंग शाबूत दिसतो, पण सांध्याची अर्धी जाडी नाहींशी झालेली असते. मग एके दिवशीं बांधांतील एखाद्या ढेकळाचा धक्का बसतो, पेटीचा कोपरा उघडतो, आणि मालक म्हणतो कीं वेल्डिंग कच्चें होतें. वेल्डिंग कच्चें नव्हतें. थोड्या खर्चाची पट्टी वेळेवर बदलली नाहीं, एवढेंच झालें होतें.

मळसूत्राच्या वेढ्यांच्या कडा आणि पंख्याच्या पात्यांचीं टोकें हींही हळूहळू झिजतात. पंखा आणि त्याच्या भोंवतालचें गोल कवच यांमध्यें मुळांत थोडीच फट असते. पातीं झिजून ती फट वाढली म्हणजे कोरडें बर्फ अजून उडतें, पण ओलें बर्फ फटींतून मागें घसरतें, कवचाला चिकटतें, आणि नळकांडें कोंदतें. इंजिन अशक्त झालें असें लोकांना वाटतें. दोष बहुधा त्या फटीचा असतो. तेथील पुष्कळ गृहस्थ पात्यांच्या टोंकांना जाड रबराच्या पट्ट्या बोल्टांनीं बसवून ही फट बुजवितात. हा उपाय साधा, स्वस्त आणि गुणकारी आहे.

झीज ही सावकाश येते. मोड एका क्षणांत येते. तिच्यापासून यंत्राचें रक्षण करण्यासाठीं एक मोठी युक्ति योजिलेली असते. मळसूत्र आणि त्याला फिरविणारा आंस हे एकमेकांना कायमचे जोडलेले नसतात. दोहोंतून आरपार जाणारी एक मऊ धातूची खीळ त्यांना एकत्र धरून ठेवते. पेटींत दगड, लांकडाचा ओंडका किंवा दगडासारखें गोठलेलें ढेकूळ अडकलें तर मळसूत्र थांबतें, इंजिन थांबत नाहीं, आणि तो सारा जोर त्या खिळीवर येऊन ती कातरल्याप्रमाणें तुटते. आंस मोकळा फिरत राहतो. दांत्यांचीं चाकें, सांधे, इंजिन, सर्व वांचतात. घरांतील विजेच्या फ्यूजचें जें काम, तेंच या खिळीचें. ती अशक्त असते हा तिचा दोष नव्हे. तेंच तिचें कर्तव्य होय.

आणि फ्यूजच्या जागीं जाड तार घालणारे लोक जसे सर्वत्र आढळतात, तसेच खिळीच्या जागीं कडक बोल्ट घालणारेही आढळतात. थंडी कडाक्याची, अंधार पडत आलेला, तिसऱ्यांदा खीळ तुटलेली; अशा वेळीं मनुष्य खोक्यांतला सांपडेल तो बोल्ट ठोकून देतो. अमेरिकन बोल्टांच्या डोक्यावर खुणा असतात. साध्या बोल्टाच्या डोक्यावर रेघा नसतात, त्याहून मजबुताच्या डोक्यावर तीन रेघा असतात आणि फार कडक बोल्टावर सहा. खिळीच्या जागीं सहा रेघांचा बोल्ट घातला कीं तो तुटत नाहीं, हें खरें. पण मग तुटतें तें दुसरें. गिअरच्या पेटींतील पितळी जातीचें चाक सोलून निघतें, वेढ्याचा वेल्डिंगचा सांधा उखडतो, किंवा आंसच पिळवटतो. चार आण्यांची वस्तु वांचवून शंभर रुपयांची घालविण्याचाच हा प्रकार. यंत्राच्या माहितीपत्रकांत जी खीळ सांगितली असेल तीच वापरावी, आणि तिच्या चार-सहा जोड्या थंडीपूर्वींच घरांत आणून ठेवाव्या.

याच संबंधांत एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. खीळ योग्य असली तरी ती तुटून उपयोग होण्यासाठीं मळसूत्राची नळी आंसावर मोकळी फिरली पाहिजे. पावसाळी हवेंत व मिठाच्या पाण्यानें दोहोंमध्यें गंज धरला, तर तीं एकजीव होतात. मग खीळ असून नसल्यासारखी होते, कारण तिच्यावर जोर येतच नाहीं. म्हणून दरवर्षीं खिळी काढाव्या, मळसूत्र हातानें फिरवून तें आंसावर मोकळें आहे कीं नाहीं तें पाहावें, नळींत वंगण भरावें आणि मग खिळी परत घालाव्या. अर्थात् हें काम इंजिन बंद करून, किल्ली काढून घेऊनच करावयाचें. त्याला अर्धा तास पुरतो.

आतां सांध्यांकडे वळावें. वेल्डिंग म्हणजे डिंकानें कागद चिकटविणें नव्हे. गांवचा लोहार लोखंडाचे दोन तुकडे भट्टींत पांढरेशुभ्र होईपर्यंत तापवून ठोकून एक करतो. विजेच्या वेल्डिंगमध्यें दोन पत्र्यांच्या कडा वितळतात, हातांतील रॉडची धातु त्यांत मिसळते, आणि तिन्हीं मिळून एकत्र थिजतात. असा सांधा नीट झाला तर मधली धातु मूळ पत्र्याहून अशक्त नसते. मग तडा जातो तो कोठें? बहुतेक वेळां सांध्याच्या मध्यावर नव्हे, तर त्याच्या कांठाशीं, जेथें नवी धातु संपते आणि जुना पत्रा सुरू होतो तेथें.

त्याचीं कारणें तीन. एक म्हणजे उष्णता. कांठाजवळचा पत्रा वितळत नाहीं, पण लाल होतो आणि भोंवतालच्या थंड पत्र्यामुळें झपाट्यानें निवतो. लोहार हत्याराला पाणी देतो तेव्हां जें होतें तेंच थोड्याफार प्रमाणांत येथें होतें. पोलाद अधिक कठीण आणि अधिक ठिसूळ बनतें. साध्या मऊ पोलादांत हा परिणाम अल्प असतो, पण कठीण जातीच्या पोलादांत आणि फार थंड हवेंत केलेल्या वेल्डिंगमध्यें तो मोठा असतो. दुसरें कारण आकुंचनाचें. वितळलेली धातु थिजतांना आंखडते आणि दोन्हीं पत्र्यांना आपल्याकडे ओढून धरते. त्यामुळें बाहेरचा जोर येण्यापूर्वींच त्या जागीं ताण बसलेला असतो. तिसरें कारण आकाराचें. सपाट पत्र्यावर सांध्याची उंच कड एकाएकीं सुरू होते. नदीचें पाणी खडकाच्या कोपऱ्याशीं जसें गर्दी करून जोरानें वाहतें, तसा पत्र्यांतून जाणारा ताण त्या कांठाशीं गर्दी करतो. तेथें एखादी लहानशी खांच राहिली असेल तर विचारावयासच नको.

या कांठावर एकदांच मोठा जोर आला तर तो सहन होतो. घात करतो तो लहान पण वारंवार येणारा जोर. तार एकदां वांकविली तर तुटत नाहीं; पुढें-मागें पुष्कळ वेळां वांकविली म्हणजे तुटते, हा अनुभव लहान मुलालाही असतो. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस असाच मोडला आणि त्या अपघातांत ५० हून अधिक माणसें मेलीं. त्यानंतरच्या काळांत ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरानें आगगाडीच्या आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग करून दाखविलें कीं, एका वेळीं मोडण्यास लागणाऱ्या जोरापेक्षां पुष्कळच कमी जोर लाखों वेळां आला तरी लोखंड मोडतें. धातूच्या या थकव्याचा हिशेब आपल्या यंत्राला लावून पाहावा. मळसूत्र मिनिटाला १२० फेरे घेतें असें धरलें तर तासाला ७,२०० फेरे होतात. हिवाळ्यांत तीस तास काम झालें तर दोन लाखांवर. प्रत्येक फेऱ्यांत वेढ्याचा सांधा एकदां ताणला जातो आणि एकदां सैल पडतो. दहा हिवाळे काम केलेल्या यंत्राचा सांधा वीस लाख वेळां वांकलेला असतो. त्याला तडा गेला याचें आश्चर्य नव्हे. इतके दिवस तो टिकला हेंच आश्चर्य.

तडे कोठें शोधावे हें यावरून सहज कळतें. वेढे जेथें संपतात तीं टोकें. पंख्याच्या पात्यांचें मूळ. बाजूच्या पत्र्यांत जेथें आंसाचें बेअरिंग बसविलेलें असतें ती जागा. आणि पेटी ट्रॅक्टरला जोडणारे व तिला उचलणारे जे हात असतात त्यांचे सांधे. ट्रॅक्टर खड्ड्यांतून जातो तेव्हां पेटीचा सारा भार या शेवटच्या सांध्यांवर हिंदकळतो. तडा उघड्या डोळ्यांना केसासारखा दिसतो, पुष्कळदां दिसतही नाहीं. पण रंगांत उठलेली एक बारीक तांबूस रेघ दिसली तर ती पुसून सोडून देऊं नये. रंग फुटून आंत पाणी गेल्यावांचून तेथें गंज येत नाहीं, आणि आंतला पत्रा फाटल्यावांचून रंग सरळ रेघेंत सहसा फुटत नाहीं.

थंडीचाही येथें हात असतो. १६ जानेवारी १९४३ च्या रात्रीं अमेरिकेंतील पोर्टलंड बंदरांत, समुद्रावरील चाचणी आटोपून धक्क्याशीं उभें असलेलें 'स्केनेक्टडी' हें कोरें करकरीत तेलवाहू जहाज, पाणी शांत असतां, मोठा आवाज होऊन मध्यावर दुभंगलें. तें जहाज रिव्हेटांनीं नव्हे, तर वेल्डिंगनें जोडलेलें होतें. युद्धकाळांत बांधलेल्या इतर कित्येक जहाजांनाही असेच तडे गेले. केंब्रिज येथील कॉन्स्टन्स टिपर या विदुषीनें पुढें या प्रकाराचा अभ्यास केला. पोलाद एका विशिष्ट तपमानाच्या खालीं गेलें कीं वांकण्याऐवजीं कांचेप्रमाणें फुटूं लागतें, हें त्यांतून स्पष्ट झालें. शिवाय रिव्हेटांच्या जहाजांत तडा एका पत्र्याच्या कडेशीं थांबतो. वेल्डिंगच्या जहाजांत सारे पत्रे एकच झालेले असल्यामुळें तो पुढें धांवत जातो. बागेच्या यंत्राचा पत्रा पातळ असतो, म्हणून त्यांत असा स्फोटासारखा तडा क्वचितच जातो. परंतु आधींच थकव्यानें चिरलेला सांधा, शून्याखालीं वीस अंशांची थंडी आणि दगडाचा धक्का, हीं तिन्हीं एकत्र आलीं तर शेवट लवकर येतो. पहिलीं दहा मिनिटें यंत्र सावकाश चालवावें, अशी जी जुन्या माणसांची रीत, ती सांध्यांच्याही हिताची आहे.

गंजाविषयीं थोडक्यांत सांगावयाचें म्हणजे, अखंड सांध्यापेक्षां अंतरा-अंतरानें टांके घातल्याप्रमाणें केलेला सांधा त्याला लवकर बळी पडतो. दोन टांक्यांच्या मधल्या फटींत मिठाचें पाणी शिरतें, गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापीत असल्यामुळें तो पाचरीप्रमाणें दोन पत्रे एकमेकांपासून उचकटतो. म्हणून काम झाल्यावर पेटींतलें बर्फ झाडून काढावें, हिवाळा संपतांच गोड्या पाण्यानें मीठ धुवावें, वाळवावें, आणि रंग उडालेल्या जागीं लगेच रंग लावावा.

तडा सांपडलाच तर दुरुस्ती कशी करावी? उतावळा मनुष्य तड्यावरून वेल्डिंगची एक रेघ ओढून मोकळा होतो. ती रेघ म्हणजे जखमेवर लावलेली चिकटपट्टी. आंतला तडा तसाच राहतो आणि पुढल्या थंडींत शेजारून वर येतो. बरोबर रीत अशी : तडा जेथें संपतो त्याच्या किंचित् पुढें बारीक भोंक पाडावें, तड्याचें तीक्ष्ण टोंक त्या गोलांत विरतें व तो पुढें सरकत नाहीं. मग संबंध तडा घांसून खोल खांच करावी, रंग व गंज काढून चकचकीत धातु दिसेपर्यंत जागा स्वच्छ करावी, आणि तळापासून भरीत यावें. वेल्डिंगचे रॉड, विशेषतः ७०१८ क्रमांकाचे, अगदीं कोरडे असले पाहिजेत; दमट रॉडांतील पाण्यापासून हायड्रोजन वायु निघतो, तो पोलादांत शिरतो आणि काम झाल्यावर कांहीं तासांनीं सुद्धां नवा तडा पाडतो. गोठलेल्या पत्र्यावर काम करूं नये. आधीं तो कोमट करून कोरडा करावा. लांब सांधा एका दमांत न भरतां आलटून पालटून तुकड्या-तुकड्यांनीं भरावा, म्हणजे पेटी वांकडी होत नाहीं. ठिगळ लावावयाचें असेल तर त्याचे कोपरे गोल करावे. चौकोनी कोपरा म्हणजे पुढल्या तड्याला दिलेलें आमंत्रणच.

पंख्याच्या एका पात्यावर धातु चढविली तर समोरच्या पात्यावरही तितकीच चढवावी. नाहीं तर तोल जाऊन यंत्र थरथरतें आणि त्या थरथरीनेंच बेअरिंगें व सांधे जातात. विजेच्या परतीच्या तारेचा चिमटा सांध्याच्या अगदीं जवळ लावावा. तो दूर लावला तर प्रवाह बेअरिंगांतून जाऊन त्यांवर डाग पडतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीची तार सोडावी, पेट्रोल दूर ठेवावें. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर तो आधीं घांसून काढावा. जळत्या जस्ताचा धूर छातींत गेला तर अंगांत ताप भरतो. एवढ्या खबरदारीचें काम ज्याला येत नाहीं त्यानें तें जाणत्या कारागिराकडे न्यावें. यांत कमीपणा कांहींच नाहीं.

आणि सर्वांत मोठी खबरदारी हातांची. ओल्या बर्फानें नळकांडें कोंदलें कीं मनुष्य इंजिन बंद करतो आणि आंत हात घालतो. इंजिन बंद आहे म्हणजे धोका नाहीं असें त्याला वाटतें. परंतु पट्टा आणि पंखा यांत ताण सांठून राहिलेला असतो. अडकलेलें बर्फ निघतांच पंखा एकाएकीं अर्धा फेरा घेतो, आणि बोटें जाण्यास तेवढा पुरतो. हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हिवाळ्यांत दरवर्षीं हाच इशारा देतात. कोंदलेलें बर्फ इंजिन बंद करून, किल्ली काढून, मजबूत काठीनेंच काढावें; हात कधींही घालूं नये. झिजेचा आणि या अपघातांचा संबंध दूरचा नाहीं. झिजलेल्या पंख्याचें नळकांडें वारंवार कोंदतें, आणि जितक्या वेळां तें कोंदतें तितक्या वेळां हात आंत घालण्याचा मोह होतो. रबराची पट्टी वेळेवर बसविणें म्हणजे एका अर्थीं बोटें वांचविणेंच होय.

हीं सर्व कामें करण्याचा काळ ऑक्टोबर महिना. पण पुष्कळ घरांत यंत्र पहिल्यानें उघडलें जातें तें पहिलें बर्फ पडल्यावर, आणि तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखी धांवपळ उडते; दुकानांतील पट्ट्या व खिळी तोंवर संपलेल्या असतात. वास्तविक यंत्र मोडण्यापूर्वीं पुष्कळदां सूचना देतें. खडाव पातळ होते, पट्टीची कड वांकडी दिसते, बर्फ पूर्वींइतकें दूर पडत नाहीं, खिळी लवकर लवकर तुटूं लागतात, रंगांत तांबूस रेघ उठते. यांतील प्रत्येक खुणेचा उपाय ती दिसते तेव्हां स्वस्त असतो. दूरदेशीं राहणाऱ्या मुलानें येत्या थंडीपूर्वीं एखादी दुपार आपल्या यंत्रापाशीं घालविली, खिळी काढून मळसूत्र हातानें फिरवून पाहिलें, तर जानेवारीच्या काळोख्या पहाटे त्याच्या घराची वाट मोकळी राहील. आणि येथें काळजी करणाऱ्या आईबापांच्या दृष्टीनें त्याचे दोन्हीं हात शाबूत राहतील, हें त्याहून महत्त्वाचें.